धाकटीचं हॉस्पिटल

"खिसा मोठा ठेव हं," धाकटी म्हणाली आणि उड्या मारत आतल्या खोलीत पळाली.

आईने शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवलं. जुन्या पांढऱ्या चादरीतून डॉक्टरांचे सात छोटे कोट झाले होते. हा आठवा. लोकांचे कपडे सैल-आखूड करून देण्यात तिची दहा वर्षं गेली होती, पण इतकी जड शिवण तिच्या हाताखालून कधी गेली नव्हती.

धाकटीला उद्या पाच वर्षं पूर्ण होणार होती. वाढदिवसाच्या सजावटीला तिला परी नको होती, जंगल नको होतं, समुद्र नको होता. आत्याने तर रंगीत चित्रांचं पुस्तकच तिच्या पुढ्यात टाकलं. तिने ते उघडलंसुद्धा नाही. एकच धोशा: "मला हॉस्पिटलचा वाढदिवस पाहिजे."

आठ महिन्यांपूर्वी तिचा दादा हॉस्पिटलमध्येच गेला होता. नऊ वर्षांचा होता. एकतीस दिवस तिसऱ्या मजल्यावर होता, आणि बत्तिसाव्या दिवशी आईबाबा रिकाम्या हातांनी घरी आले.

"लेकरू आहे गं," आत्या म्हणाली, "तिला काय कळतंय?"

आईला तेच तर सलत होतं. कळत नव्हतं, की काही वाटतच नव्हतं? सगळं उरकल्यावर धाकटीला आत्याकडून घरी आणलं, तेव्हा बाबांनी तिला समोर बसवलं होतं. त्यांच्या तोंडून कसंबसं एवढंच फुटलं, "दादा आता घरी येणार नाही." धाकटी "बरं" म्हणाली आणि तिने जेवायला मागितलं. डोळ्यांत टिपूस नाही. त्यानंतर तिने एकदाही दादाचं नाव काढलं नाही. आई तिला आंघोळ घालायची, भरवायची, वेणी घालायची, पण मांडीवर घेणं काही तिच्याने होत नव्हतं. पोटच्या पोरीचा राग येतो, हे कुणाला सांगायचं?

बाबा छापखान्यात पुस्तकं बांधायचे. तिथले जाड पुठ्ठे आणून त्यांनी सहा खाटा केल्या. कडा घासल्या, पाय बसवले, उशाला तक्तेही लावले. मध्येच थांबून म्हणाले, "त्याच्या खाटेची उंची एवढीच होती ना गं?" आणि हातातला पुठ्ठा तिथेच टाकून गॅलरीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बाहेरची खोली सजली. खाटांवर बाहुल्या झोपल्या होत्या. कापसाच्या अस्वलाचं डोकं बँडेजने गुंडाळलं होतं. पडद्याच्या दांडीला पाण्याच्या बाटल्या टांगून त्यातून लोकरीचे धागे खाली सोडले होते. केकवर लाल फुली होती. मुलांना सोडायला आलेल्या शेजारणींनी दारातून आत पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं. एक हळूच पुटपुटली, "धन्य आहे या घराची."

आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मोठ्या खिशाचा कोट धाकटीपुढे धरला.

"तो दुसऱ्या कुणाला तरी दे," धाकटी म्हणाली. "मी डॉक्टर नाहीये."

"मग नर्स?"

"नाही."

तिने बाबांची टोपी घातली. ती पार कानांवर उतरली. मग स्टूल ओढत ओढत दारात नेलं आणि त्यावर ताठ बसली. जिन्यात मुलांची दाटी झाली.

"वय किती?" तिने पहिल्याला दरडावलं.

"सहा."

"जा आत. तुझं?"

"पावणेपाच."

"जा."

आत्याच्या कडेवर तिचा नातू होता. आत्याने हसत दोन बोटं दाखवली. धाकटी हसली नाही. स्टुलावरून उतरून तिने वाट करून दिली. "हा पण चालतो. त्याला अगदी खाटेजवळ ने."

आत एकच गोंधळ माजला. बँडेजं सुटली, अस्वलाला इंजेक्शनं झाली, एक डॉक्टर पेशंटच्याच खाटेवर झोपला. धाकटी मात्र दारातून हलेना. केक खोळंबला. शेवटी आई तणतणत आली.

"अगं, वाढदिवस तुझाच ना? आत कोण येणार?"

"मी नाही. मी दारावरचे काका आहे."

"आणि सगळ्यांना वय काय विचारत बसलीस?"

"विचारावंच लागतं," धाकटी समजावणीच्या सुरात म्हणाली. "बारा वर्षांच्या आतल्यांना वर सोडत नाहीत. पण मी सोडते."

आईला आठवले ते एकतीस दिवस. रोज संध्याकाळी लिफ्टशेजारच्या बाकावर, त्या पहारेकऱ्याजवळ धाकटीला बसवून दोघं वर जायचे. 'दोन मिनिटं बस हं, आलोच.' त्या दोन मिनिटांचे दोन तास व्हायचे. खाली यावं तर ही पाय हलवत, हातात बिस्कीट धरून बसलेली. पहारेकरी म्हणायचा, 'शहाणी आहे हो पोर, अजिबात रडत नाही.' आणि आईला हायसं वाटायचं. वर काय चाललंय, हे तिला एकदाही कुणी सांगितलं नव्हतं.

"तू... तू विचारलं होतंस त्या काकांना?"

"रोज विचारायचे. ते म्हणायचे, बारा वर्षांची झालीस की सोडीन तुला वर."

आई उंबऱ्यातच बसली आणि तिने धाकटीला टोपीसकट मांडीवर ओढलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. तिला इतकं घट्ट धरलं, की पोर गुदमरून चुळबुळायला लागली. आतून बाबांनी हाक मारली, मेणबत्त्या पेटल्या होत्या.

धाकटीने कसाबसा एक हात मोकळा केला आणि पाची बोटं आईच्या डोळ्यांसमोर धरली.

"आज एवढी वर्षं झाली. मग वर दादाकडे जायला आता अजून किती राहिली गं, आई?"