वजनकाटा

“सगळ्यांची कार्डं द्या इकडे,” अर्चना म्हणाली आणि तिने प्लास्टिकची पिशवी सदानंदसमोर धरली.

सदानंद बॅग काट्याला टांगून उभा होता. खरं तर उद्या फक्त मुतल्याच्या टेकड्या चढून संध्याकाळी महबूल्याला घरी परत यायचं होतं. पण कुवेतमध्ये सोळा वर्षं काढलेल्या माणसाला बॅग भरायची एकच रीत ठाऊक असते, गावी जायची. त्यामुळे विमानाच्या सामानाचा तो हातकाटाही माळ्यावरून खाली आला होता. माणशी तीन लिटर पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, टोप्या, पायाला फोड आले तर पट्ट्या. काटा साडेअकरावर थांबला.

“कार्डं कशाला?” त्याने काट्यावरून नजर न काढता विचारलं.

“चंद्रहासभाऊजींनी सहलीच्या ग्रुपवर टाकलंय. जहराच्या पुढे पोलीस उभे असतात, सिव्हिल आयडी हाताशी ठेवा.”

“माझं राहू दे माझ्या पाकिटात.”

त्याच्या पाकिटातल्या कार्डाची, म्हणजे कुवेतमध्ये राहायच्या परवान्याचीच, मुदत रविवारी संपली होती. आज गुरुवार. कंपनीत सगळ्यांचे सरकारी कागद करणाऱ्या मुस्तफाने तीन आठवड्यांपूर्वी त्याला जिन्यात गाठून सांगितलं होतं, “सदानंदभाई, इस बार रिन्यू नहीं होगा. ऊपर से लिस्ट आयी है.” तेव्हापासून तो रोज ठरवायचा, आज घरी सांगू. आणि रोज ताटावर बसलं की जीभ रेटायची नाही. अक्षरा इथेच जन्मली होती. नाशिक तिच्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं होतं.

“मी काय म्हणतो, उद्या तुम्ही दोघीच जा.” तो सोफ्यावर टेकला आणि डावा गुडघा चोळू लागला. “गुडघा बरा नाही माझा.”

“बाबा, नॉट अगेन!” बुटांत नाड्या ओवणारी अक्षरा ओरडली. “यू प्रॉमिस्ड! आणि सकाळी तर राइट नी दुखत होता.”

सदानंदचा हात मुकाट उजव्या गुडघ्यावर गेला. एरवी एवढ्या भांडवलावर अर्चनाने दोन दिवस त्याची टर उडवली असती. आज ती हसलीसुद्धा नाही.

“अक्षू, खालच्या बकाल्याच्या दुकानातून खजूर घेऊन ये. बिया काढलेले बघून आण,” तिने सांगितलं.

दार लागलं. अर्चनाने पर्स उघडली आणि दोन कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक तिचं, एक अक्षराचं.

“तिघांची तारीख एकच असते, अहो. तुमच्याच नावावर तर राहतो ना आम्ही इथे?”

सदानंदने दोन्ही कार्डांवरच्या तारखा पाहिल्या. तीन आठवडे त्याने आपलं पाकीट घरात कुणाच्या हाती लागू दिलं नव्हतं. उरलेली दोन कार्डं बायकोच्या पर्समध्ये आहेत हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. तेलाच्या पाइपला आतून कुठे गंज लागलाय ते बाहेरून मोजून सांगणारा इन्स्पेक्टर हा! मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, तसलीच गत.

“कधी कळलं तुला?”

“मंगळवारी. दाढ दाखवायला गेले, तर काउंटरवरच्या बाईने कार्ड परत दिलं. म्हणाली, तारीख गेलीय.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आत्ता कार्डं मागितली तीही त्यासाठीच. तर तुम्ही गुडघा काढलात.”

त्याला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. लाज वाटलीच. पण एकट्याने वाहिलेल्या ओझ्याला दुसऱ्या बाजूने कुणीतरी हात लावल्यासारखंही वाटलं.

“दोन ठिकाणी नोकरीचं विचारून पाहिलं,” तो म्हणाला. “दोन्हीकडून नाही आलं. महिनाभरात निघावं लागेल, अर्चना.”

“निघू.” तिचा आवाज जरा हलला, पण तिने तो सावरला. “आपलं काय, आपण तिकडूनच आलोय. प्रश्न हिचा आहे.”

दोघांनीही दाराकडे पाहिलं.

“मुतल्याला नाही जायचं उद्या,” ती म्हणाली. “भाऊजींना मी दुपारीच कळवलंय. इथूनच समुद्राच्या काठाने फहाहीलपर्यंत चालत जाऊ. घरात सांगितलं तर खोलीत जाऊन दार लावून घेईल. रस्त्यावर लावायला दार नसतं.”

“मग एवढं सामान का भरू दिलंस?”

“वेळ लागेल. पाणीही लागेल.”

जिन्यात पावलं वाजली. अर्चनाने कार्डं पर्समध्ये टाकली. अक्षरा धापा टाकत आत आली आणि तिने खजुराचं पाकीट बॅगेत कोंबलं.

“बाबा, नी ओके?”

“ओके.”

“पक्का? उद्या येणार ना?”

“येणार.” सदानंदने दोन उठाबशा काढून दाखवल्या.

“यस्स! आता पुन्हा वजन कर.”

त्याने वजन केलं. बारा किलो भरलं. मग काट्याची पट्टी गुंडाळून तो स्टुलावर चढला आणि त्याने माळ्याचं दार उघडलं.

“वर नका टाकू तो,” अर्चना दशम्यांचा डबा पुसत म्हणाली. “राहू दे खालीच.”

“का? वी आर डन, ना?” अक्षराने विचारलं.

सदानंद खाली उतरला. दाराजवळच्या खुंटीवर अक्षराची टोपी होती, तिच्याशेजारी त्याने काटा टांगला.