छापलंय तेवढंच

मुलाखतीच्या शेवटच्या फेरीला संशोधन कंपनीने मोबाईल दारातच काढून घेतले. साहेब म्हणाले, "सर्वेक्षणासाठी पाठ असलेला नंबर लावा. ओळख द्यायची नाही, फॉर्मवर छापलंय तेवढंच वाचायचं." मला एकच पाठ होता, घरचा. भांडून निघाल्यापासून लावला नव्हता. बाबांनीच फोन उचलला. साहेब दुसऱ्या हेडफोनवर ऐकत होते. "घरात माणसं किती?" "दोघं." "अपत्ये किती?" बाबा थांबले. "नाहीत." माझं पेन तिथेच अडलं. पुढचे प्रश्न एका दमात वाचले. शेवटचा होता, "आपल्याला काही विचारायचंय?" बाबांनी आवाज खाली आणला. मग, "जेवतेस ना वेळेवर?" साहेबांनी छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "वेळ दिल्याबद्दल धन्यवाद," वाचून मी फोन ठेवला. साहेब खूश झाले. "आवाज जराही कापला नाही. सोमवारपासून या. फक्त हा रकाना भरा." मी अपत्यांपुढे शून्य काढलं.