वाकडी टिकली

"तुमच्या घरी डोळे तपासणारा आरसा नाही का?" डॉक्टर उंब्रजकरांनी विचारलं.

"आहे की! रोज दाढी करताना माझे डोळे बघतो आणि रक्त नीट फिरतंय म्हणून सांगतो," दिगंबरराव म्हणाले.

"मग वहिनींचं कसं राहिलं? रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य इतकं वाढलंय की दोन्ही डोळ्यांतल्या शिरा तुंबल्यात. आरशाने हे केव्हाच सांगितलं असतं आणि साध्या बी-बाराच्या गोळ्यांवर भागलं असतं. आता गेलेली नजर परत येणार नाही."

शालन मान खाली घालून बसली होती.

"मी आरशात बघतच नाही हो," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "आपली केतकी गेली तेव्हापासून. लेकीचा तोंडवळा माझाच होता ना. आरशात तीच दिसते."

दिगंबररावांनी तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षं रोज सकाळी ती चहा घेऊन यायची तेव्हा तिची टिकली वाकडी असायची. दोन वर्षं ते हसत हसत ती बोटाने सरळ करत आले होते.

आत्ताही ती वाकडीच होती. त्यांनी सवयीने हात पुढे केला. कपाळाला बोट लागताच शालन दचकली.