हाकेची यादी

अंथरुणाला खिळलेल्या आईच्या हातात मी एक छोटं बटण दिलं होतं. तिने ते दाबलं की माझ्या प्रोग्राममध्ये ‘हाक’ नावाचा इव्हेंट घडायचा आणि डेलिगेट नावाचा निरोप्या यादीतल्या प्रत्येकाचा फोन वाजवायचा. यादीत दोघंच होतो, ताई आणि मी.

आई कधीकधी नुसतंच “जेवलास का?” विचारायला बटण दाबायची. मीटिंगमध्ये व्यत्यय नको म्हणून मी माझं नाव काढलं. आई गेली तेव्हा ताई विमानात होती.

महिन्याभराने, भर दुपारी ऑफिसात, मन खाऊ लागलं म्हणून मी नाव परत जोडलं. फोन लगेच वाजला. स्क्रीनवर ‘हाक’ होती, आत्ताच्या वेळेची.

मी ताईला फोन लावला. “आईचं बटण कुणाकडे आहे?”



“तिच्याबरोबरच गेलं रे. शेवटची अंघोळ घालताना तिची मूठ उघडलीच नाही.”