दारोदारचा होकार

फार गोड माणसं होती आमच्या गल्लीतली. तेव्हा आयर्लंडमध्ये घटस्फोट मिळत नसे. तो मिळावा का, यावर १९८६ साली सार्वमत ठरलं. माझा नवरा केव्हाच लिव्हरपूलला निघून गेला होता आणि मॅलकी माझ्याशी लग्न करायचं म्हणून थांबला होता.

लोकांचा कल विचारायला डब्लिनहून एक मुलगी आली. आमच्या घरांना नंबर नव्हते, म्हणून मीच तिला दारोदार घेऊन फिरले.

"मिळावा म्हणजे काय, मिळायलाच हवा! आमच्या डिम्फ्नाकडे बघा की," टॉर्मीबाई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. खाटीक हसला, "लग्नाचं मटण माझ्याकडून हं, डिम्फ्ना!" आईनेही पिठाचे हात पुसत होकार दिला. पेपरातही होकारच पुढे होता. मॅलकीने निळा सूट शिवायला टाकला.

नकार जिंकला. आमच्या शाळेतली पेटी उघडली, तर तिच्यात होकाराची मतं मूठभरच निघाली.

"पण सगळे तर हो म्हणाले होते," मी आईला म्हटलं.

"तू समोर उभी असताना नाही कोण म्हणेल, पोरी?" आई चहा ओतत म्हणाली. "एवढी माणुसकी आहे लोकांत."

"आणि तू, आई?"

तिने माझ्या कपात दूध घातलं, मला लागतं तेवढंच.

"माझ्या दारातही तूच उभी होतीस ना."