गोपिकेच्या दातांवरचे ठिपके

"आ कर."

आईनं गोपिकेची हनुवटी धरून तिचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

"तसेच आहेत वं! घासून राहिली, का नुसती मोरीत उभी राहून राहिली?"

"घासते ना."

"मंग जात काहून नाही?"

दिवाळीच्या आधी गोपिकेच्या दातांच्या तारा काढल्या होत्या. पुढे आलेले दात सरळ बसले. पण तारांच्या चकत्या जिथं चिकटवल्या होत्या, तिथं खडूसारखे पांढरे ठिपके राहिले. डॉक्टरीणबाईंनी एक टूथपेस्ट लिहून दिली. रोज दोन वेळा घास, आंबट-गोड खाऊ नको, हळूहळू फिके पडतील, म्हणाल्या.

बाकीचं घर राखुंडीनं दात घासायचं. पेस्ट एकट्या गोपिकेची. मधुकररावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ती सीताबर्डीवरून आणली होती. आई रोज ट्यूब दाबून पाहायची. ट्यूब रिकामी होत होती, म्हणून तिला धीर होता.

मोरीचं दार लागलं, की गोपिका ती पेस्ट धाकट्या बहिणीच्या, वच्छलाच्या बोटावर काढायची. स्वतः कोरडा ब्रश फिरवायची आणि वर चिंचेची गोळी चघळायची.

"आईले समजलं तर?" वच्छला विचारायची.

"तू सांगशील तर समजल. घास मुकाट्यानं."

वच्छला फेसाच्या मिशा काढायची. दोघी तोंडावर हात दाबून हसायच्या.

गोपिका बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा एप्रिलात. पण उन्हानं रंग जातो म्हणून आईनं तिचं कॉलेज बंद केलं होतं. पुस्तकं कोठीत होती आणि कोठीला कुलूप. गच्चीवर जायचं नाही, खिडकीत बसायचं नाही. सावनेरचं स्थळ येणार होतं. त्यांना लग्न फेब्रुवारीतच हवं होतं आणि सून शिकायला पाठवायची नव्हती. घरात नाही म्हणायची सोय नव्हती. तिच्याजवळ ठिपके तेवढे होते.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि थोरला भाऊ. मध्यस्थ म्हणून गोपिकेचा मामा रुपराव. थोरला भाऊ कोपऱ्यात पानाला चुना लावत बसला. तो कोणाशी बोलला नाही.

"वर पाह्य बाई. नाव काय तुह्यं?" मुलाच्या आईनं विचारलं.

आईनं सकाळीच बजावलं होतं, ओठ मिटून बोल. गोपिकेनं नाव सांगितलं आणि सगळे दात दिसतील अशी हसली.

बाई पुढं वाकल्या.

"हे काय वं? कोड तर नाही?"

"तारांचे डाग आहेत जी ते," आई घाईनं म्हणाली. "औषध चालू आहे. जातीन."

"तारा? म्हणजे दात वाकडे होते!"

तेवढ्यात वच्छला पोह्यांच्या बशा घेऊन आली. रुपराव म्हणाला, "हे पोट्टी बारावी पास झाली, पण पोह्यात मीठ टाकाले विसरते." वच्छला खळखळून हसली. पाहुणेही हसले.

ते गेल्यावर आई गोपिकेशी बोलली नाही. गोपिकेला मात्र त्या दिवशी दोन घास जास्त गेले. आता एवढ्यात कोणी येणार नव्हतं. कोठीची किल्ली वडिलांजवळ मागायची, असं तिनं ठरवलं.

आठवड्यानं रुपराव आला. त्यानं टोपी काढून खुंटीला लावली. गोपिका दाराआड उभी राहिली.

"काय म्हणते सावनेर?" मधुकररावांनी विचारलं.

"मोठी नको म्हणते. दात मनात भरले नाही."

गोपिकेनं डोळे मिटले.

"पण धाकटी पसंत आहे. दात कसे मोगऱ्यासारखे आहेत म्हणे. पोराची माय तर अडूनच बसली."

मागं वच्छला धुण्याच्या घड्या करत होती. तिचे हात थांबले.

"धाकटी?" आई म्हणाली. "मोठी घरात बसून धाकटी उजवू? लोक तोंडात शेण घालतीन. मोठीचं होईलोक धाकटीचं नाव नाही काढाचं."

मधुकररावांनीही मान हलवली. "हे नाही होत रुपराव. आपल्यात रीत नाही. सांगून द्या त्यायले."

गोपिकेनं मागं हात नेऊन वच्छलाचं मनगट धरलं. आईच्या रीतीचा आधार वाटण्याची ही पहिलीच वेळ.

"म्यां तेच सांगतलं गा भाऊजी," रुपराव म्हणाला. "तर त्यायनंच तोड काढली. थोरल्याची बायको मागल्या साली वारली, दोन लेकरं आहेत. त्याले दाताचं काही नाही म्हणे. फेब्रुवारीत एकाच मांडवात दोघीही घेऊन जातो म्हणतात."