लोकरीची लाल फुलं

“हे अफूचं फूल ना, आई?” समोरच्या माणसानं विचारलं.

प्रयागबाईंनी मान वर केली नाही. सकाळपासून जुन्नरच्या बाजारात येणारा प्रत्येक जण हेच विचारत होता. घेवरचंदशेठच्या लोकरीच्या दुकानापुढं, पायरीवर सतरंजी टाकून त्या बसल्या होत्या. पुढ्यात लाल फुलांची परडी आणि ध्वजदिनाची पेटी. गावच्या बायकांनी महिनाभर विणलेली फुलं. जखमी होऊन घरी आलेल्या जवानांसाठी पैसे जमवायचे होते.

“व्हय. परदेशात म्हनं लढाईत गेलेल्यांच्या आठवनीला छातीवर लावत्यात,” त्या विणता विणता म्हणाल्या. “आमच्याकडच्या सुभेदारांनी सांगितलं. काय द्यायचं ते पेटीत टाका, पावणं, आन फूल घ्या.”

पेटीत नोट पडली, पण तो माणूस काही हलला नाही.

“तुमी वारूळवाडीच्या ना? सुदर्शनच्या आई?”

आता मात्र त्यांनी वर बघितलं. केस बारीक कापलेले, ताठ उभा, तिशीचा गडी.

“मी आदेश. कळंबचा. एकाच पलटणीत व्हतो आमी. तुमचा फोटो दाखवायचा तो, म्हणून ओळखलं. वर बर्फ कोसळला तवा मी सुट्टीवर आल्तो, नायतर...” तो अडखळला. “लई शूर व्हता, आई. वाघ व्हता.”

प्रयागबाईंनी मान हलवली. वाघ होता असं सगळेच म्हणत. साहेब म्हणाले, पुढारी म्हणाले, शाळेतल्या पोरांनी भाषणात म्हटलं. त्या ऐकून घेत. पण मूल परगावी असलं की त्याचं काही ना काही कळत राहतं. आज ताप आला, उद्या बदली झाली, कुणाशी भांडण झालं. सुदर्शन गेला आणि ते कळणं थांबलं. जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावरच आता पुरवायचं. त्यांनी ते इतक्यांदा मनात फिरवलं होतं की वापरून वापरून कापड विरावं तसं झालं होतं.

“शूर व्हता ते म्हाईत हाय मला,” त्या म्हणाल्या. “दुसरं काय तरी सांग.”

आदेश गोंधळला. “दुसरं काय?”

“काईबी. मला ठाव नसंल असं.”

तो आठवू लागला. “झोपेत बोलायचा.”

“घरीबी बोलायचा.”

“चहात साखर लई लागायची त्याला.”

“ती सवय माझीच.”

परडीतलं एक फूल उचलून आदेशनं उगाच उलटंपालटं केलं. दुकानातून शेठच्या बायकोनं, प्यारीबाईंनी डोकावून पाहिलं, दोघांचे चेहरे बघितले आणि त्या आत वळल्या.

“आमचे हातमोजे विणून द्यायचा,” आदेश एकदम म्हणाला.

प्रयागबाईंचा हात थांबला. “कोन?”

“सुदर्शन. लोकरीचे हातमोजे उसवले की सगळे त्याच्याकडंच. तारेला आकडा करून सुई केली व्हती त्यानं. तुमच्याकडनं शिकलो म्हणायचा.”

“मी न्हाई शिकवलं त्याला.”

“म्हणायचा खरं.”

“अरं, न्हाई शिकवलं मी. पोराच्या जातीला कोन सुई शिकवतंय? त्यानं कदी हातात घेतल्याली मी बघितली न्हाई.” त्यांचा आवाज चढला. त्या रागावल्या की काय असं आदेशला वाटलं. पण त्यांनी हातातली सुई आणि अर्धं विणलेलं फूल त्याच्यापुढं धरलं होतं. “कसा विणायचा? दाव मला.”

“मला कुठं येतंय, आई.”

“येऊ दे न्हाईतर न्हाई. तो धरायचा कसा, तेवढं दाव.”

रस्त्यात एसटी हॉर्न देत उभी होती, मोटारसायकली तिच्या कडेनं वाट काढत होत्या. आदेश खालच्या पायरीवर, त्यांच्या समोर बसला. फूल उजव्या हातात घेतलं, दोरा बोटाला गुंडाळला आणि सुई डाव्या हातात धरली.

“डावरा हायस तू?”

“मी नाय. तोच अशी धरायचा. आमी हसायचो त्याला. लिहायला उजवा, जेवायला उजवा, रायफलला उजवा, आन सुईला तेवढा डावा. का रं, म्हणून इचारलं तर म्हणायचा, मला तसंच दिसलं.”

प्रयागबाईंचा उजवा हात अजून सुई धरल्यासारखाच मांडीवर होता. त्याच्या बरोब्बर समोर, आरशात दिसावा तसा, आदेशचा डावा हात. लेकी-भाचींच्या रुखवताची तोरणं त्या अशाच उंबऱ्यावर बसून विणायच्या, आणि हे पोर समोर फतकल मारून बसलेलं असायचं. लोकरीच्या गुंड्याशी खेळतंय असंच त्यांना वाटायचं.

आदेशनं सुई दोऱ्यात घातली. आकडा निसटला. तो ओशाळून हसला, फूल परत करायला म्हणून पुढं वाकला आणि उठू लागला. “येतो, आई. कचेरीत काम हाय जरा.”

प्रयागबाईंनी फूल घेतलं नाही.

“बस रं,” त्या म्हणाल्या. “अजून एक टाका घाल.”